बारावा बार

नागनाथ ओहोळशी बोलायचं असेल तर त्याच्या डाव्या हाताला उभं राहावं लागतं. उजवा कान कामातून गेलेला आणि डावाही असून नसल्यासारखा. गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा हे ठाऊक आहे. माळावरच्या दगडखाणीत त्याने पंधरा वर्षं बार उडवले, म्हणजे सुरुंगांना बत्ती दिली. अशा माणसाचे कान जायचेच, असं म्हणून लोक मान हलवतात. कान गेले हे सगळ्यांना माहीत आहे. ते कधी गेले हे मात्र आजवर कुणी विचारलं नाही, आणि नागनाथनेही आपण होऊन कधी सांगितलं नाही. त्या 'कधी'पायी एका माणसाचा जीव गेला, आणि वर त्याचं नावही गेलं.

गाव मोडनिंबपासून आठेक किलोमीटरवर, हमरस्ता सोडून आत. उगवतीला माळ आणि माळावर एकापुढे एक अशा तीन खाणी. चौपदरी रस्त्याचं काम निघालं तेव्हा रात्रंदिवस इथून खडी गेली. रस्ता झाला, मालकाने यंत्रं उचलली, माणसांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं आणि मागे हे तीन खड्डे ठेवून तो निघून गेला. आता खड्ड्यांत पाणी साठलंय. कडेने बाभळी वाढल्यात, खंड्या येऊन बसतो, हिवाळ्यात कुठून कुठून बदकं येतात. सोलापूरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवणारे दिपक सर दोन वर्षांपूर्वी इथे आले आणि जागेच्या प्रेमातच पडले. त्यांनी पंचायतीला पटवलं, पायवाटेच्या दोन्ही अंगांना चुना मारलेले दगड लावून घेतले आणि तोंडाशी एक फलक उभा केला. 'खाणींची वाट. अंतर अडीच किलोमीटर. सोपी. लहान मुले व ज्येष्ठ नागरिकांसाठी योग्य.'

चौथी शिकलेल्या नागनाथने तो फलक पहिल्यांदा वाचला तेव्हा त्याला हसूच फुटलं. याच वाटेने बायका डोक्यावर डबराच्या पाट्या घेऊन उन्हातान्हात वर चढायच्या. एकीचं तर सहाव्या महिन्यात पोट पडलं होतं. आणि म्हणे सोपी!

पण सरांनी त्याला एक टोपी दिली, गळ्यात अडकवायला ओळखपत्र दिलं आणि वाटेचा माहितगार केलं. चौसष्टाव्या वर्षी कुणी आपलं ऐकून घेतंय हे कुणाला नको असतं? बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा बुद्धभूषण पुण्याला नोकरीला. फोन करतो, पण फोनवरचं नागनाथला कळत नाही, म्हणून बोलणं दोन मिनिटांत आटपतं. रविवारी शहरातून माणसं येत. पांढरेशुभ्र बूट, पाठीवर पाण्याच्या नळ्या लावलेल्या पिशव्या, जणू हिमालयच चढायला निघालेत. ती नागनाथभोवती गोल उभी राहत आणि तो सांगत असे. भोक कसं पाडायचे, दारू कशी ठासायचे, वात कशी लावायचे. आणि तिसऱ्या खाणीपाशी आलं की वरूनच बोट दाखवून म्हणायचा, "हितं एकजण गेला. पिऊन आला हुता. जुन्या भोकात ड्रिल घातलं." मंडळी चुकचुकत आणि पुढे चालू लागत. नाव तो कधी घेत नसे.

वीस वर्षांत हे बोलणं इतक्यांदा झालं होतं की ते आता तोंडात अडखळत नसे. खोट्याचं हेच वाईट आहे. पहिल्यांदा घशात अडकतं, मग सवयीचं होतं.

डिसेंबरातल्या त्या रविवारी सरांची मंडळी येणार नव्हती. तरी सवयीप्रमाणे नागनाथ सकाळी सातला फलकापाशी गेला, तर तिथे अंकिता उभी. पंचायतीत संगणकावर काम करणारी पोरगी, चोवीस वर्षांची, अंगात स्वेटर, हातात घडी घातलेला कागद. ती हिंदुरावची मुलगी. तिसऱ्या खाणीत गेला तो हिंदुराव.

ती वळसा घालून त्याच्या डाव्या हाताला आली. "तात्या, मला वाट दाखवा. लोकास्नी दाखवता तशी."

"तुला काय दाखवायची? हितलीच की तू."

"हितली हाय, पण कवा आलेय? आजीनं कधी येऊच दिलं नाही." तिने कागद पुढे केला. "सरांनी सहा फलकांचा मजकूर पाठवलाय. दुपारी पेंटरकडे द्यायचाय. पाच टाइप केले. सहावा माझ्यानं झाला नाही. ती जागा बघते, मग करते."

सहावा फलक कुठला हे नागनाथला विचारावं लागलं नाही. आजवर आपण बोललो ते वाऱ्यावर गेलं, पण आता ते पत्र्यावर रंगाने लिहिलं जाणार, ही गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नव्हती. मास्तर माणूस, आपण सांगितलेलं वहीत उतरवतोय, एवढंच त्याला वाटलं होतं. आणि ते टाइप करायला कुणाच्या हातात गेलं, तर हिच्या.

"थंडी लई हाय," तो म्हणाला. "पुढल्या रविवारी येऊ."

"पेंटर आज येणार हाय, तात्या."

मग दोघं चालू लागली.

पहिली खाण सगळ्यात जुनी आणि उथळ. तिच्या काठावर नागनाथ थांबला आणि नेहमीचं सांगू लागला. हिची सुरुवात घण आणि पहारीने झाली, यंत्र नंतर आलं. पाणी वीस फूट आहे, मासे आहेत. अंकिता ऐकत होती, मान हलवत होती, पण तिचं लक्ष पाण्याकडे नव्हतं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. शहरातली माणसं खाणीकडे बघतात, त्यामुळे सांगणं सोपं जातं. कुणी तोंडाकडे बघत राहिलं की शब्द जड होतात.

पुढे वाट जरा चढाची आहे. चालता चालता अंकिताच बोलायला लागली. मागल्या महिन्यात नातेपुत्याकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, शिकलेला. सगळं जमत आलं आणि मुलाच्या मामाने चहाचा कप खाली ठेवत विचारलं, वडील दारूत गेले ना हिचे? "आजी आतल्या खोलीत होती. तिनं तितनं ऐकलं. ऐंशी झाली तिला, पण कान कसले तिखट हायत म्हायताय तुमाला? मांजर चुलीपाशी गेलं तरी झोपेतनं हाकलती. ती बाहेर आली आणि म्हणाली, पोरगी द्यायची न्हाय. उठा." अंकिता हे हसून सांगत होती. "शाळेत तर मला दारुड्याचीच म्हणायचे. मी पण म्हणायचे, व्हय, हाय, मग? काय करता?"

नागनाथने ऐकू न आल्यासारखं केलं. बहिरेपणाचा तेवढा एक फायदा असतो, आणि त्याने तो आयुष्यभर घेतला होता.

दुसऱ्या खाणीपाशी तिने विचारलं, "बार मोजायचे म्हणजे काय? सर म्हणत होते, तुमी ते लई झ्याक सांगता."

हे टाळता येण्यासारखं नव्हतं. नागनाथ दगडावर टेकला आणि त्याने सांगितलं. संध्याकाळी पाचला सगळ्यांना लांब हाकलायचं, लाल निशाण लावायचं, शिट्टी मारायची. मग बत्ती देणाऱ्याने एकेका वातीला आग लावत जायचं आणि शेवटची पेटली की पळत सुटायचं. वाती कमीजास्त लांबीच्या कापलेल्या असत, म्हणजे बार एकापाठोपाठ एक उडत. आडोशाला बसून ते मोजायचे. बारा वाती पेटवल्या तर बारा आवाज झाले पाहिजेत. अकराच झाले तर कुठेतरी एक बार न उडता दगडात तसाच बसलाय. मग कुणी खाली उतरायचं नाही, ती जागा शोधायची, भोवती चुना मारलेले दगड ठेवायचे आणि तिथे ड्रिल लावायचं नाही. मोजणाऱ्याने हिरवं निशाण दाखवलं तरच दुसऱ्या दिवशी काम सुरू. वरचा साहेब असो की मालक, त्या निशाणाच्या पुढे कुणाचं चालत नसे. अख्ख्या खाणीचा जीव मोजणाऱ्याच्या कानात.

"आणि मोजायचं कोण?"

"मी."

"कायम?"

"कायम."

अंकिता वळली आणि स्वतःच पुढे चालू लागली, तशी नागनाथला मागून जावं लागलं. तिच्या पाठीकडे बघताना त्याला हिंदुरावची चाल दिसली, डावा खांदा जरा खाली टाकून चालण्याची.

हिंदुराव ड्रिल चालवायचा. मराठ्याचा पोरगा, घरी चार एकर कोरडवाहू, म्हणून खाणीवर आला. नागनाथ बौद्धवाड्यातला. सुरुवातीला दोघं वेगवेगळ्या झाडाखाली जेवत. वर्षभरात एका झाडाखाली आले, आणि दुसऱ्या वर्षी हिंदुरावने आपला डबा मध्ये ठेवून म्हटलं, "तुज्या कालवणात मीठ बरोबर आसतंय, काड हिकडं." तिसऱ्या वर्षी हिंदुरावच्या आईने, बजाबाईने, नागनाथला ओसरीवर ताट वाढलं. आधी हीच बजाबाई त्याला वरून पाणी ओतायची. ताट वाढलं तेव्हा भावकीत कुरबूर झाली. बजाबाई कुणाला बधली नाही.

तिसरी खाण आली. नागनाथ नेहमीच्या जागी, वरच थांबला. अंकिता थांबली नाही. खाणीच्या एका अंगाला पाण्याच्या वर राहिलेला एक सपाट टप्पा आहे; तिथे उतरायची जुनी, ट्रकची वाट. ती तिथे जाऊन उभी राहिली आणि तिने कागद उघडला. नागनाथला उतरावंच लागलं. वीस वर्षांत तो त्या टप्प्यावर आला नव्हता.

"वाचते," ती म्हणाली, आणि त्याच्या डाव्या कानापाशी येऊन तिने सावकाश वाचलं. "येथे सुरक्षिततेचे नियम धाब्यावर बसवून, मद्यप्राशन करून आलेल्या एका कामगाराने जुन्या छिद्रात ड्रिल चालवल्याने स्फोट होऊन त्याचा जागीच मृत्यू झाला. निष्काळजीपणाची किंमत, उद्गारचिन्ह."

सर काही वाईट माणूस नव्हते. पण ते उद्गारचिन्ह त्यांना द्यायची काय गरज होती?

"ह्ये तुमीच सांगितलं सरांना?"

"व्हय."

"मी आजीला वाचून दाखवलं काल. मला वाटलं, ती कागद फाडंल. तर म्हणाली, लिही. नागनाथनं सांगितलंय म्हंजे खरंच आसंल. त्यो माज्या हिंदुरावच्या ताटात जेवलाय."

नागनाथ खाली बसला. पाण्यावर बदकं होती, ऊन नुकतं कडेला लागलं होतं, आणि त्या गारठ्यात त्याच्या मानेला घाम फुटला. त्याला रडू आलं नाही. लाज वाटली, आणि ती लाज इतकी जुनी होती की तिला आता आतून कुजल्याचा वास येत होता.

"त्यो पिला नव्हता," नागनाथ म्हणाला.

अंकिताने कागदाची घडी घातली. एकदा, दोनदा, तीनदा.

"त्यानं जल्मात दारू शिवली न्हाय. आनी जुन्या भोकात ड्रिल बी घातलं नव्हतं. माजे कान त्या येळंलाच गेलते, पोरी. वरीसभर आधीच. मी कुनाला सांगितलं न्हाय. बत्तीवाल्याचे कान गेले म्हंजे त्येला पाटी टाकायला बी कोन घेत न्हाय, आसं मला वाटायचं. बत्तीवाला म्हून मान हुता माजा. खानीत येवडा एकच मान हुता जो माज्या वाट्याला आलता."

हे कळलं होतं फक्त हिंदुरावला. एकदा दहा बार उडाले आणि नागनाथने अकरा म्हटले, तेव्हा हिंदुरावने त्याला बाजूला घेतलं. शिव्या दिल्या, आणि मग तोड काढली. रोज संध्याकाळी बार उडताना हिंदुराव ड्रिलला हवा देणाऱ्या कंप्रेसरच्या मागे उभा राहून मोजायचा आणि कुणाला दिसणार नाही असं बोटांनी नागनाथला दाखवायचा. दहा असतील तर दोन्ही पंजे. बारा असतील तर दोन्ही पंजे, मग मूठ, मग दोन बोटं. नागनाथ ती बोटं बघून मुकादमाला ओरडून आकडा सांगायचा आणि हिरवं निशाण लावायचा. वर्षभर असं चाललं. अख्ख्या खाणीचा जीव नागनाथच्या कानात नव्हता, हिंदुरावच्या बोटांत होता.

"त्या सांजंला त्यो नव्हता," नागनाथ म्हणाला. "चार वाजताच गेलता."

"कुटं?"

इथे नागनाथ थांबला. हिंदुराव गेला होता मोडनिंबला, डॉक्टरकडे. चार वर्षांच्या अंकिताला तापात झटके आले होते आणि बजाबाई पोरीला पदरात गुंडाळून खाणीपर्यंत पळत आली होती. तिथूनच पोरीला घेऊन हिंदुराव आणि बजाबाई खडीच्या ट्रकमध्ये बसून गेले. नागनाथने अंकिताकडे पाहिलं. इतकं खरं बोलायला निघालेला माणूस त्या क्षणी एक नवं खोटं बोलला, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही.

"कंप्रेसरचा पट्टा आनायला. मोडनिंबला."

"मग?"

"मग मी बारा वाती पेटिवल्या. आडोशाला बसलो. ऐकू यीना, म्हून धुरळ्याकडं बघून मोजायला लागलो. धुरळा उठला की एक. वारं सुटलं हुतं, सगळा धुरळा एक झाला. मला वाटलं, झाले बारा. खात्री नव्हती. पन मुकादम हात वर करून इचारत हुता, समदी मानसं घरला जायला खोळंबलेली. मी हिरवं निशान लावलं."

तो थांबला.

"सकाळी त्यो आला. पोर..." तो अडखळला, "पट्टा आनून दमला हुता, रातभर झोप न्हवती. ड्रिल उचलायच्या आधी त्यानं मला इचारलं. काल किती उडाले रे नागनाथ? कुनी मोजले? मी म्हनलं, बारा. मीच मोजले, समदे उडाले. त्यो माज्याकडं जरा बगत ऱ्हायला. मग म्हनला, बरं. आनी हितं आला. हितं, तू हुबी हायस तितं. बारावा बार खडीखाली तसाच हुता. त्याच्यावर ड्रिल टेकलं."

अंकिता जिथे उभी होती तिथून बाजूला झाली नाही. फक्त तिने खाली पाहिलं. तिथे काही नव्हतं, दगडच होता.

बाकीचं थोडं होतं. गुरप्पा नावाचा मुकादम होता, अक्कलकोटकडचा. आता तोही जिवंत नाही. चौकशीला माणसं येणार म्हटल्यावर तो नागनाथला पत्र्याच्या खोलीत घेऊन गेला. बराच वेळ 'एन माडोदु, एन माडोदु', काय करायचं, काय करायचं, असं कानडीत पुटपुटत बसला आणि मग म्हणाला, एक तर तो पिऊन होता, नाहीतर तू चुकीचं मोजलंस. दोन्हीपैकी एक लिहावं लागेल. मेलेल्याला आता काय फरक पडतो? तुझं पोरगं लहान आहे. चौकशीवाल्यांनी विचारलं तेव्हा नागनाथने तीन शब्द उच्चारले. "वास येत हुता." तेवढ्यावर काम भागलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने स्वतःच दगड फोडून खडी करणाऱ्या क्रशरवर बदली मागून घेतली आणि वातीला पुन्हा हात लावला नाही. लोकांना वाटलं, जोडीदार गेल्याचं मनाला लागलं. पुढे त्याचे कान गेलेत हे गावाला कळलं, तेव्हा सगळ्यांनी दोष क्रशरच्या आवाजाला दिला.

आणि बजाबाई? सून तीन वर्षांत काविळीने गेली. नात वाढवली. मुलाचा फोटो भिंतीवरून काढून ट्रंकेत ठेवला, कारण येणारा-जाणारा फोटोकडे बघून चांगला होता हो, पण दारू, असं म्हणायचा. रस्त्यात नागनाथ दिसला की ती थांबायची आणि बरा हायस का म्हणून विचारायची. वीस वर्षं तो मान हलवून पुढे जायचा.

अंकिताने डोळे स्वेटरच्या बाहीने पुसले आणि जे बोलली त्यात राग होता की नाही, हे नागनाथला कळलं नाही. त्याला तिचे ओठ तेवढे दिसले.

"चला."

"कुटं?"

"आजीकडं. जे मला सांगितलं ते तिला सांगा."

"फलकाचं काय करनार?"

"आधी आजी. मग फलक."

खाणीपासून गाव दीड किलोमीटर. ही वाट दिपक सरांच्या फलकावर नाही. सरळ, सपाट वाट, पण नागनाथला ती सरता सरेना. दोनदा तो थांबला, एकदा चपलेतला खडा काढायच्या निमित्ताने. अंकिता दोन्ही वेळा थांबून राहिली.

बजाबाई ओसरीवर सुपात तूर निवडत बसली होती. अंगाने वाळून गेलेली, पण पाठ ताठ. नागनाथला पाहून तिने सूप बाजूला सारलं. "ये. बरा हायस का?" त्याच ओसरीवर एकेकाळी त्याचं ताट मांडलं जायचं. तो वर चढला नाही. खालीच, अंगणात उभा राहिला.

"काकू, सांगायचं हाय," तो म्हणाला, आणि मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं. कान, बोटं, धुरळा, निशाण. हिंदुराव त्या संध्याकाळी नव्हता असं सांगताना त्याने तेच म्हटलं, "कंप्रेसरचा पट्टा आनायला गेलता." तेवढ्यापुरती त्याने मान वर केली. बजाबाई त्याच्याकडेच बघत होती. पदरात पोर गुंडाळून ती स्वतः त्या ट्रकमध्ये बसली होती. तिने नातीकडे पाहिलं, परत नागनाथकडे पाहिलं आणि ती काही बोलली नाही. मग त्याने उरलेलं सांगितलं. वास येत नव्हता, ते आपण खोटं बोललो, हेही.

बजाबाई उठली. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. तिने काठी घेतली, ओसरीच्या दोन पायऱ्या उतरली आणि त्याच्या डाव्या हाताला येऊन उभी राहिली.

"मला काय ऐकू न्हाय आलं," ती म्हणाली. "मोट्यानं सांग."

नागनाथने तिच्याकडे पाहिलं, मग अंकिताकडे. पोरीने नजर वळवली. मांजराची चाहूल ओळखणाऱ्या बाईला अंगणातलं बोलणं ऐकू आलं नाही, यावर विश्वास ठेवण्याइतका तो खुळा नव्हता. त्याने दुसऱ्यांदा सांगितलं, मोठ्याने. शेजारच्या घरातून निंगव्वा हातातलं भांडं तसंच घेऊन दारात आली.

"न्हाय आलं," बजाबाई म्हणाली, आणि काठी टेकत गल्लीतून चालू लागली.

गल्लीच्या टोकाला पार आहे. हिंदुरावच्या मातीनंतर याच पारावर बसून गावाने ठरवलं होतं, की पिऊन मेला. बजाबाई तिथवर गेली, पाराच्या समोर थांबली आणि तिने मागे वळून पाहिलं. तिने हाक मारली नाही, की ये असं म्हटलं नाही. नागनाथ तिच्या मागोमाग गेला.

रविवारची सकाळ, दहाचा सुमार. पारावर सहा माणसं होती. नागनाथने ती मोजली, सवयच ती. आपला आवाज किती मोठा निघतो हे त्याला कळत नाही, म्हणून त्याने छातीत मावेल तेवढी हवा भरून घेतली.

"हिंदुराव पिला नव्हता! मला ऐकू येत नव्हतं, मी बार चुकीचे मोजले आनी त्येला समदे उडाले म्हून सांगितलं! वास येत हुता, ह्ये मी खोटं बोललो!"

त्याला स्वतःला काहीच ऐकू आलं नाही, फक्त घसा सोलल्यासारखा झाला. मग त्याने चेहऱ्यांकडे बघायला सुरुवात केली. पेपर वाचणाऱ्याने पेपर खाली घेतला, एक. त्याच्या शेजारच्याने मान वर केली, दोन. तिसरा अर्धवट उठला. चौथा आणि पाचवा एकमेकांकडे आणि मग त्याच्याकडे बघू लागले. कुणी काहीतरी विचारत होतं, ओठ हलत होते. पाराच्या पलीकडच्या कडेला सहावा, धोंडीराम, पाठमोरा बसून तंबाखू मळत होता. त्याची पाठ हलली नाही.

नागनाथने पुन्हा एकदा मोजलं. पाचच. त्याने दम घेतला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.